कमी हवेतला जीव

कोकिळेनं चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशानं आठ हातांचा प्राणी काढला. म्हाकुळाच्या जातीचा, खोल समुद्रातला. दिग्रसात समुद्र पाहिलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता; पण ती यवतमाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली होती आणि रत्नागिरीला समुद्रातल्या जिवांवर काम करायची नोकरी तिला स्थळासारखी सांगून आली होती.

बाबांचा दमा उतरल्याशिवाय जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पुंडलिकरावांनी उभी हयात कापसाच्या जिनात, सरकी काढणाऱ्या रेच्यापुढं काढलेली. रुईची धूळ छातीत जाऊन बसली होती. तरी तोंडाचा पट्टा चालूच. एक वाक्य, मग धाप, मग पुन्हा वाक्य.

त्या खोल पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, असं ती सांगत होती.

"मंग थो जगते कसा?"

"धावतच नाही, बाबा. कोनाशी भांडत नाही. वरून पडते तेवढं खाते अन् हात पसरून नुसता तरंगत राह्यते. ज्याच्यावाचून भागते, ते करतच नाही."

पुंडलिकराव बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले.

हळूहळू त्यांची धाप थांबली. खोकलाही दबला. ओसरीवर खांबाला टेकून ते स्वस्थ बसत, भाकरी ताकात कुस्करून गिळत. शेजारच्या मथुराबाईंशी रोजचं भांडणही बंद पडलं, तेव्हा त्या बाईलाच चुकल्यासारखं होऊ लागलं. कोकिळेला वाटलं, औषध लागू पडलं. तिला फार आनंद झाला आणि तिनं नोकरीला होकार कळवला.

निघायच्या सकाळी पुंडलिकराव जागचे उठले नाहीत. लेक परगावी निघाली की बापानं एसटीपर्यंत पेटी न्यायची, ही तिथली रीत. मथुराबाईंनी तसं बोलूनही दाखवलं.

"जाय," ते म्हणाले. मग थांबून, "मले नाही लागत आता दम."

ती पाया पडायला वाकली. डोक्यावर हात येईल म्हणून वाकूनच राहिली. हात आला नाही. तिनं वर पाहिलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. मांडीवरची बोटं जराशी हलली आणि पुन्हा निपचित झाली.

बाबांना उतार पडलाच नव्हता. तिनं सांगितलेलं त्यांनी फक्त मनावर घेतलं होतं.

तिनं तो हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि एसटी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत तसाच धरून ठेवला.