नमुन्याची पेटी

बाजारातल्या त्या गल्लीत स्पीकरच्या पेट्या करणारी बरीच दुकानं होती, पण थेट पोटात उतरणारा बेस हवा असला की लोक घुम्याकडे जात. घुम्या हे नाव त्याला शेजारच्या वायरवाल्याने दिलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत हा माणूस जेमतेम दोन वाक्यं बोलायचा, आणि त्यातलं एक 'माझी पेन्सिल कुठे गेली' हे असायचं. पेन्सिल कानावर असायची.

दुकानाच्या कोपऱ्यात एक नमुन्याची पेटी होती. गिऱ्हाईक आलं की घुम्या ती लावून दाखवायचा आणि गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "हीच द्या."

"ही विकायची नाही. अशीच दुसरी करून देतो."

आतल्या बाजूला पेट्यांच्या तोंडाला लावायचं कापड शिवत बसलेली त्याची बायको कपाळावर हात मारून घ्यायची. वायरवाला तर छातीठोकपणे सांगायचा की त्या पेटीत सोनं पुरलंय.

आता बेस म्हणजे काही जादू नव्हे. फळी जाड हवी, सांध्यातून वारा निसटता कामा नये, आणि आत लोकर भरायची ती पिंजून, हलक्या हाताने. गच्च कोंबली की आवाज घुसमटतो. नीट भरली की लहान पेटीलाही आपण मोठ्या आहोत असं वाटायला लागतं आणि आवाज एक पायरी खाली उतरतो. हे घुम्या विचारेल त्याला सांगायचा. त्या एका पेटीत कुठली लोकर आहे, तेवढं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही.

त्यांना एक मुलगी होती. दुसरीत असताना ती तापाने गेली. थंडी तोंडावर आली होती आणि आईने तिच्यासाठी नवा निळा स्वेटर नुकताच विणून पुरा केला होता. तो तिच्या अंगाला लागलाच नाही. पुढे काही दिवसांनी बायकोने मुलीचे सगळे लोकरीचे कपडे, टोप्या, मोजे, त्या निळ्या स्वेटरसकट एका चादरीत बांधले आणि गाठोडं घुम्यासमोर ठेवलं.

"घेऊन जा. द्या कुणालाही. कुणाला दिलेत ते मला सांगू नका."

घुम्या अनाथाश्रमाच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. पुन्हा गेला, पुन्हा फिरला. दुसऱ्या कुणाच्या अंगावर ते कपडे बघायची त्याची छाती होईना, आणि टाकून देणं तर शक्यच नव्हतं. शेवटी त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. दुकानाचं दार आतून लावलं, एकेक कपडा उसवला, पिंजला आणि पेटीत भरला. डोळे वाहत होते, पण हात सवयीने नीट चालले होते. निळा स्वेटर तेवढा उसववेना. तो त्याने अख्खाच मागच्या फळीला सरस लावून चिकटवला, आणि पेटी बंद केली.

त्या पेटीतून जो बेस निघाला तसा त्याच्या हातून आधी कधीच निघाला नव्हता. तो पोरीमुळेच आला, अशी त्याने खूणगाठ बांधली. शहाण्या माणसाने असलं काही मानू नये हे खरं, पण बापाला कोण समजावणार? रोज सकाळी दुकान उघडलं की तो त्या स्पीकरच्या गोल कागदी पडद्यावर बोटं टेकून हळूच दाबायचा. पेटी हवाबंद असली की दाबलेला पडदा सावकाश वर येतो. तो बोटांखाली वर येईपर्यंत घुम्या तिथून हलायचा नाही. बघणाऱ्याला वाटायचं, पेटी तपासतोय.

मग एकदा तो परगावी एका सभागृहात पेट्या बसवायला गेला. परत आला तर कोपरा रिकामा.

"साउंडवाला आला होता," बायको खुशीत म्हणाली. स्पीकर भाड्याने देणारा तो बाजाराच्या पलीकडे राहायचा. "हात धुऊन मागेच लागला हो. म्हटलं, किती वर्षं नुसती धूळ खाणार? तुम्ही काय, अशा दहा कराल."

घुम्याने अवजारांची पिशवी खाली ठेवली.

"चुकलं का माझं?"

"नाही. आलोच मी."

पेटी परत आणायची होती, आणि का ते न सांगता आणायची होती. सांगितलं असतं तर बायकोच्या लेखी पोर आज पुन्हा गेली असती. एरवी पाय ओढत चालणारा घुम्या त्या दिवशी धावत सुटला.

साउंडवाला गोदामाच्या दारातच उभा होता. पेटी मधोमध ठेवली होती, आणि तिच्या पुढच्या फळीला आता पहिल्याहून मोठं भोक होतं.

"या, या. मोठा स्पीकर बसवतोय. आत काय भरलं होतंत हो? गोधडी?" तो हसला. "सगळं ओढून काढलं. मागे काहीतरी चिकटलं होतं, ते खरवडून काढावं लागलं. आता फोम घातलाय."

"ते कुठे आहे?"

"ते होय? सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत गेलं. का, हवं होतं?"

माणूस वाईट नव्हता. त्याला काय ठाऊक? घुम्याने गुडघे टेकले आणि हात खांद्यापर्यंत पेटीत घातला. फोम बाजूला सारून मागची फळी चाचपली. सरसाच्या कडक पापुद्र्याखेरीज बोटांना काही लागलं नाही.

साउंडवाल्याने स्पीकर बसवला आणि गाणं लावलं. बेस आला. खोल, गोल, पोटात उतरणारा, अगदी पहिल्यासारखा. घुम्याने जीव कानात आणून फरक शोधला. तसूभरही फरक नव्हता.

"कसा येतोय?"

"चांगला येतोय," घुम्या म्हणाला.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर बायकोने त्याच्या बाहीवरून काहीतरी उचललं आणि दिव्यासमोर धरलं. लोकरीचा धागा होता, बोटभर, निळा. घुम्याचा घास तोंडातच राहिला.

"कुठून लागलं हो हे? अगदी असाच निळा होता बघा आपल्या पोरीचा." इतक्या वर्षांत तिने पोरीचं नाव काढलं नव्हतं. ती धागा बोटाला गुंडाळत राहिली. "कुणाला दिलेत ते कपडे? मीच म्हटलं होतं, सांगू नका. पण थंडी पडली की मला तेच आठवतं. वाटतं, कुणाची तरी पोर त्या स्वेटरात उबेला असेल. तेवढ्यावर हिवाळा काढते मी."

घुम्याने पाण्याचा घोट घेतला.

"दिले एका मुलीला. अनाथाश्रमाच्या फाटकाशीच उभी होती."

"केवढी?"

"आपल्या पोरीएवढीच."

"मग बसला का तिला? वाढतं अंग म्हणून बाह्या मी मुद्दाम लांब ठेवल्या होत्या."

"दुमडून घेतल्या तिने."

"म्हणजे पुढच्या हिवाळ्यातही झाला असेल."

"झाला," घुम्या म्हणाला. "पुढच्याही हिवाळ्यात झाला."