औषध लावलेली जाळी

उभं आयुष्य पाइप जोडण्यात गेलेला माणूस बायकोच्या हृदयापाशी तरी गप्प कसा बसेल? डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ती अरुंद झालेली रक्तवाहिनी दाखवली, तसा प्लंबर खुर्ची पुढे ओढून बसला. बायको शेजारीच होती, पर्स मांडीवर घेऊन, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय.

"नळी फार बारीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली तर लवकर पुन्हा भरेल. दुसरी, औषध लावलेली जाळी. नाहीतर आत काहीच ठेवायचं नाही, औषधाचा फुगा फुगवून काढून घ्यायचा. त्याला पुढे गोळ्या कमी दिवस लागतात. पण यांची नळी नुसत्या फुग्यानं उघडी राहील असं वाटत नाही."

"मग औषधवालीच बसवा. तार तेवढी बारीक बघा. जाड तार आतली जागाच खाते."

"काका, तुम्ही तर आमच्याच धंद्यातले!"

झालं. गडी हरभऱ्याच्या झाडावर जो चढला, तो उतरलाच नाही. रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर बजावून सांगितलं. तो मान डोलवत पडद्याकडेच बघत होता.

जाळी छान बसली. बायको न थांबता जिना चढू लागली. पण गोळ्यांमुळे तिच्या हातांवर काळेनिळे डाग उठायचे, दात घासताना रक्त यायचं.

"अहो, जाळीलाच औषध लावलंय ना?" एकदा बेसिनपाशी तोंड पुसत तिनं विचारलं. "मग वरून या गोळ्या कशाला?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "बरोबर आहे तुझं. जस्त चढवलेल्या पाइपाला वरून कुणी रंग देतं का? दे सोडून."

तिनं दिल्या सोडून. एक फोन करून विचारावं, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

महिना व्हायच्या आत जाळीत रक्ताची गुठळी झाली. ॲम्ब्युलन्स आली, लेकही धावत आली. डॉक्टरीणबाईंनी नळी उघडायची शिकस्त केली, पण ती उघडली नाही.

"हृदयाचा मोठा भाग गेलाय. आता फार काही हातात नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या चालू होत्या ना? जाळीवरचं औषध नळी आतून भरू नये म्हणून असतं. रक्त गोठू नये म्हणून गोळ्याच लागतात."

प्लंबर बोलणार, तेवढ्यात पलंगावरून बायकोचा आवाज आला.

"मीच बंद केल्या. यांना सांगितलंच नाही."

लेकीचा तोल गेला. "आई, अगं लहान आहेस का तू? सगळं मनाचंच करायचं?" बोलता बोलता ती रडायला लागली आणि बाहेर निघून गेली.

"मी सांगतो तिला खरं काय ते," तो म्हणाला.

"काही सांगू नका. माझ्यामागे तिला तुम्ही आणि तुम्हाला ती. ती तुमच्यावर राग धरून बसली, तर जाल कुठं?"

आठवडाभरात ती गेली.

लेक कपाट आवरत होती. आईच्या स्वेटरची घडी करता करता तिचे हात थांबले. "बाबा, आईनं कधी कुणाचं ऐकलंच नाही. ऐकलं असतं, तर आज असती."

तिनं ऐकलं होतं म्हणूनच ती गेली होती. ज्याचं ऐकलं, तो समोर स्टुलावर बसला होता.

"हो ना," तो म्हणाला.