आठ फेऱ्यांचं सीमोल्लंघन

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी सेक्शन ऑफिसर आहे. ऑफिसात मला मागून 'मिर्ची मॅडम' म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे. वय सत्तेचाळीस. आठवडाभर फायली उपसते आणि वर्षातून दोन-तीनदा शनिवार-रविवार ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर गाडी पळवते. हौशी लोकांची शर्यत असते. आमच्या वर्गात फक्त रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या, आरसी चालू असलेल्या.

दोन वर्षांत चार शर्यती सुरू केल्या आणि चारही अर्धवट सुटल्या. एकदा क्लच गेला, एकदा टायर, एकदा पेट्रोलचा पाईप, आणि एकदा मी स्वतःच वळणावर वाळूत जाऊन बसले. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे चारही वेळा डीएनएफ, म्हणजे शर्यत पुरी केली नाही. पहिलं बक्षीस मला नकोच होतं. मला एकदा तो काळा-पांढरा चौकटीचा झेंडा माझ्या काचेपुढे हललेला बघायचा होता, बस.

आणि आता वेळ संपत आली होती. गाडी दोन हजार आठची, पेट्रोलवरची. येत्या मंगळवारी तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार आणि बुधवारपासून ती दिल्लीच्या रस्त्यावर काढायची सोय नाही. सातारच्या चुलतभावानं मागितलीच होती, कागद तयार होते. दुसरी गाडी घेऊन शर्यतीसाठी सजवायची माझी ऐपत नाही. म्हणजे हा शेवटचा शनिवार-रविवार, गाडीचा आणि माझाही.

गाडी आबांची. आबा म्हणजे माझे वडील, खंडेराव. अठ्ठावीस वर्षं त्यांनी फौजेचे ट्रक दुरुस्त केले, सुभेदार होऊन रिटायर झाले. आई गेल्यापासून आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्याकडेच राहतात. वय शहात्तर. मोतीबिंदूमुळे गाडी चालवणं सुटलं, पण माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागू देत नाहीत. दुसऱ्याची चूक त्यांना शंभर हातांवरून दिसते. "बोल्ट कुणी आवळला ह्यो?" असं विचारलं की माझा नवरा श्रीरंग हळूच बाल्कनीत जातो.

त्या आठवड्यात दसरा झाला होता. दसऱ्याला मी इथल्या मराठी मंडळातून आणलेलं आपट्याचं पान आबांच्या हातावर ठेवलं, पाया पडले. ते मला उलट सोनं देतात दरवर्षी, पण यंदा त्यांनी आपली पानं खिशातच ठेवली.

"सोनं सीमोल्लंघन करून आल्यावर असतंय," ते म्हणाले. "तुझं झालंय कुठं? चार वेळा येशीतनंच माघारी आलीयास."

मला एवढं लागलं की रात्री जेवले नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं त्याच गाडीत बसून ट्रॅकवर पोचलो. शेजारच्या गॅरेजात गुरुग्रामचा भसीन होता. लाल चकचकीत गाडी, तीन पगारी मेकॅनिक, घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मशीन. आमच्याकडे आबा, एक पत्र्याची पेटी आणि श्रीरंगच्या हातात थालीपिठांचा डबा.

सरावाच्या दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत लांब सरळ रस्त्यावर सहज तापमानाच्या काट्याकडे पाहिलं तर तो वर सरकत होता. पुढच्या वळणापर्यंत लाल रेषेवर. इंजिन असं तापलेलं रेटलं तर कायमचं जातं. मी हळूहळू गाडी आत आणली. बॉनेटमधून वाफ येत होती, आणि त्यात कसलातरी आंबूस, जळकट वास.

आबांनी गाडी थंड होऊ दिली आणि कामाला लागले. पाणी कमी होतं, भरलं. थर्मोस्टॅट बदलला, जुना संशयित म्हणून पेटीत टाकला. पंखा फिरतोय का पाहिलं, फिरत होता. पुढून एसीची जाळी पाहिली, स्वच्छ. तिच्यामागे रेडिएटर असतो, तो इंजिनच्या बाजूनं पाहिला, तोही स्वच्छ. दुपारच्या फेरीत वेळ नोंदवायची होती, तिच्यावरच शर्यतीत उभं राहायची जागा ठरते. कशीबशी एक फेरी काढली आणि काटा पुन्हा लालवर. चौदा गाड्यांत माझी जागा चौदावी.

भसीनचा मोठा मेकॅनिक न बोलावता येऊन वाकून बघून गेला. "मैडम, हेड गैस्केट गया. इंजन खोलना पड़ेगा," तो म्हणाला.

आबांनी त्याला हाकललं नाही, म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. हेड गॅस्केट म्हणजे दोन दिवसांचं काम. आमच्याकडे एक सकाळ होती.

रविवारी सकाळी दहा मिनिटांचा सराव होता. आबांनी रेडिएटरचं झाकण बदललं, नळ्या आवळल्या, दोनदा मला सांगितलं, "आता तापणार न्हाई." तिसऱ्या फेरीत तापली. मी आत आले, हेल्मेट काढून बाकावर आपटलं आणि तोंडाला येईल ते बोलले.

"आबा, तुमच्याच्यानं होत नाही आता, हे कबूल का करत नाही? डोळे गेले, हात गेले. मी उगाच तुमच्या भरवशावर राहिले. पाचव्यांदा."

श्रीरंग म्हणाला, "अलका, बस कर यार."

आबांनी हातातला पाना पेटीत ठेवला. मग पेटी बंद केली. मी त्यांना पेटी शर्यतीच्या आधी बंद करताना कधीच पाहिलं नव्हतं. ते भिंतीजवळच्या उलट्या बादलीवर जाऊन बसले, आणि हात गुडघ्यांवर ठेवून त्या हातांकडेच बघत राहिले.

बोलून गेले आणि लगेच लाज वाटली, पण माफी मागायचं मला जमत नाही, तेही आधीच सांगते. मी श्रीरंगकडून डबा घेतला आणि गाडीच्या नाकाशी उकिडवी बसले. दोन वाजता शर्यत होती, साडेअकरा झाले होते. थालीपिठाचा तुकडा तोंडाशी नेला आणि थांबले. तोच आंबूस वास. थालीपिठाला तर नव्हता. मी नाक गाडीच्या जाळीला लावलं.

हा वास मी लहानपणापासून ओळखते. देवघराच्या कोपऱ्यात पिशवीत साठवलेलं निर्माल्य चार दिवसांनी असंच वास मारतं. सडका झेंडू. फक्त हा वाफाळलेला होता.

मग मला खंडेनवमी आठवली. फौजेत त्या दिवशी हत्यारांची आणि पान्यांचीही पूजा व्हायची, म्हणून आबा घरीही गाडीची पूजा करतात. मी बॉनेटवर हार घातला होता तर ते म्हणाले होते, "पूजा पात्याची करायची असती, म्यानाची न्हाई." त्यांनी बॉनेट उघडलं होतं, हळदकुंकू लावलं होतं आणि झेंडूच्या सुट्या पाकळ्या ओंजळ भरभरून इंजिनवर उधळल्या होत्या. पुढच्या बाजूला जरा जास्तच.

"श्रीरंग, टॉर्च," मी म्हणाले.

एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते. पुढून बघा, मागून बघा, ती दिसत नाही. वरून टॉर्च मारला तर आत पिवळा-काळा लगदा, खालपर्यंत. त्यातून वारा जाणार कसा? गावात हळू चालवली असती तर कळलंही नसतं.

मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "आबा, पेटी उघडा. गॅस्केट ठीक आहे."

ते आले, वाकले, टॉर्चच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. दोन बोटं आत घातली आणि चिमूटभर लगदा बाहेर काढला. त्यात हळद लागलेले दोन तांदूळ होते. मग ते सरळ उभे राहिले, परेडला राहतात तसे.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची न्हाई. अठ्ठावीस वर्षांत कुणी असं केलं असतं तर मी त्याला कोर्ट मार्शलला धाडला असता."

"कोर्ट मार्शल उद्या करू," मी म्हणाले. "आणि मघाशी जे बोलले ते... ते काही खरं नाही, आबा."

"डोळ्यांचं खरं हाय," ते म्हणाले. "हातांचं न्हाई. दहा नंबरचा पाना दे."

त्या हातांनी मग काय काम केलं. वरच्या दोन पट्ट्या सोडल्या, रेडिएटर मागे कलता केला, थालीपिठाच्या डब्यातलं उलथनं मागितलं आणि त्यानं लगदा हळूहळू खरवडला, जाळीचं एकही पातं न वाकवता. मग मागून पाण्याचा पाईप लावला. पिवळं पाणी भसीनच्या खुर्च्यांपर्यंत वाहत गेलं. तो मोठा मेकॅनिक येऊन म्हणाला, "ये क्या निकला, बाबूजी?"

"परसाद," आबा म्हणाले.

दोन वाजता मी चौदाव्या जागेवर उभी होते. आठ फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत मी शर्यत कमी आणि काटा जास्त पाहिला. तिसरी फेरी गेली, काटा मधोमध. चौथी गेली, काटा हललाही नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण शर्यत करायला आलोय. मग मी पेटले. पाचवीत दोघांना मागे टाकलं, सहावीत तिघांना. सातवीत दोन गाड्या एकमेकींना घासून कडेला गेल्या, तिथे मी देवाचे आभारही मानले नाहीत, नुसती निघून गेले.

शेवटच्या फेरीत पुढे भसीनची लाल गाडी होती. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तो ब्रेक लवकर दाबतो, हे मी कालपासून पाहत होते. नव्या गाडीला जपत होता बिचारा. मला काय जपायचं होतं? मंगळवारपर्यंतचीच तर गाडी. मी पन्नास पावलं उशिरा ब्रेक दाबला, चाकं ओरडली, गाडी आतून घुसली आणि वळणातून बाहेर पडले तेव्हा लाल रंग माझ्या आरशात होता. मी एकटीच जोरात हसले हेल्मेटच्या आत.

मग शर्यत संपायची रेषा आली. वरच्या चौथऱ्यावर एक माणूस काहीतरी हलवत होता, पण माझी नजर काट्यावर होती, फेऱ्यांची मोजदाद केव्हाच सुटली होती, आणि तशीच पुढे सुसाट गेले. पूर्ण वेगात आणखी एक फेरी. वळणावळणावर ट्रॅकचे मार्शल झेंडे हलवत होते आणि मला वाटलं, किती प्रेमळ लोक आहेत.

शेवटी आत आले तर अधिकारी लाल चेहऱ्यानं उभा. "मैडम, रेस एक लैप पहले ख़त्म हो गई थी. चेकर्ड फ्लैग नहीं दिखा?"

"भाईसाहब, पहचानती कैसे?" मी म्हणाले. "पहले कभी देखा ही नहीं."

तो हसला आणि त्यानं ताकीद देऊन सोडून दिलं. मी नंतर जाऊन त्याच्याकडून तो झेंडा मागून घेतला, नीट हातात धरून पाहिला आणि परत केला. भिंतीवर निकालाचा कागद लागला. अलका खंडेराव घोरपडे, सहावा क्रमांक, आणि पुढे चक्क वेळ. मिनिटं, सेकंद, सगळं. खाली सातवा भसीन. मी तो कागद तीनदा वाचला आणि मग मला रडू आलं. एवढ्या लोकांसमोर मिर्ची मॅडम ढसाढसा रडली, आणि श्रीरंगनं अक्कल वापरून फोटो काढला नाही.

आबा गाडीपाशी उभे होते. मी जवळ गेले तशी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपट्याची दोन पानं काढली. पाच दिवस खिशात राहून वाळलेली, एकाचा कोपरा मोडलेला. चांगलं होतं ते माझ्या हातावर ठेवलं.

"घे," ते म्हणाले. "झालं सीमोल्लंघन."

मी वाकले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अजून झेंडूचा वास होता.

उरलेलं पान घेऊन ते गाडीकडे वळले. सवयीनं बॉनेटच्या कडेला हात गेला, तिथेच थांबला. मग आबांनी ते पान वायपरखाली खोचलं आणि बॉनेट बंदच राहू दिलं.