संमोहनाच्या खोलीतली झुलती खुर्ची

मित्रांनो, मी झुलले की थोडी किरकिरते, तेवढे सांभाळून घ्या. मी महोगनी लाकडाची जुनी झुलती खुर्ची आहे. होल्गीन शहरातल्या फिदेन्सियो सुताराने मला घडवले आणि त्याच्या बायकोने माझी पाठ वेताने विणली. कुणा आजोबांच्या ओसरीवर मी कॉफीच्या वासात डुलेन, असे मला वाटले होते. पण मला घेतले डॉक्टर मिग्दालिया पुपो यांनी. त्या एका दवाखान्यात मानसतज्ज्ञ होत्या आणि संमोहनाने उपचार करत.

पहिली दोन वर्षे माझ्यावर फायलीच बसल्या. माणसे मला घाबरत. कुणी म्हणे, डॉक्टरीणबाई डोळ्यांपुढे घड्याळ हलवते आणि माणूस तिच्या मुठीत जातो. कुणी म्हणे, पोटातली गुपिते बाहेर पडतात. एकदा झोपला तो उठतच नाही, असेही बोलले जाई. मला फार वाईट वाटे. डॉक्टरांकडे हलवायला घड्याळच नव्हते.

मग एका सकाळी नेरेइदा आली. पेरूची वडी करून विकणारी, ठसक्यात बोलणारी बाई. तिला मधुमेह होता. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती आणि असेच चालले तर अंगठा काढावा लागणार होता. इन्शुलिन घेणे भागच होते. पण सुई दिसली की तिला भोवळ येई. दोनदा ती नर्ससमोर कोसळली होती. सोबत तिचा नवरा लिबोरियो होता.

"मला बेशुद्ध करणार का?" तिने उभ्याउभ्याच विचारले.

"नाही. तुम्हाला सगळं ऐकू येईल," डॉक्टर म्हणाल्या. "नको वाटलं तर उठून चालू लागा."

"आणि माझी भीती काढून घेणार?"

"मी काही काढून घेत नाही. काम तुमचंच, मी नुसती सोबत. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हेही सांगते. आणि इन्शुलिन तर घ्यावंच लागेल."

नेरेइदा बसली. तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. डॉक्टरांनी तिला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले, मग मनानेच तिच्या स्वयंपाकघरात नेले. कढईत पेरूचा गर रटरटतो आहे, वाफ तोंडावर येते आहे, हात सावकाश ढवळतो आहे. हळूहळू तिची पकड सैल झाली.

लिबोरियो पुढे वाकून कुजबुजला, "डॉक्टर, गुंगीत आहे तोवर विचारून घ्या, माझी गिटार हिने कुणाला देऊन टाकली."

डोळे मिटूनच नेरेइदा म्हणाली, "ऐकतेय मी, लिबोरियो. आणि सांगणार नाही."

डॉक्टरांनी हसू दाबत त्याला बाहेर पाठवले. तिथे बसलेल्या सगळ्यांना त्याने सांगून टाकले, "झोपबीप काही नाही. माझ्यापेक्षा जास्त जागी आहे ती."

दर मंगळवारी ती येऊ लागली. आधी मनातली सुई, मग टेबलावरची, मग तळहातावरची. चौथ्या खेपेला मात्र ती रडली आणि अर्ध्यातून निघून गेली. ती परत येणार नाही, असेच मला वाटले. पुढच्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी तीच दारात उभी होती.

सातव्या खेपेला नर्स इन्शुलिन घेऊन आली. नेरेइदाने श्वास संथ केला आणि डोळे उघडे ठेवून स्वतःच्या पोटात स्वतः सुई टोचली.

"दुखलं?" डॉक्टरांनी विचारले.

"दुखलं की. पण पडले नाही."

इन्शुलिन आणि रोजची मलमपट्टी यांनी जखम भरत आली. अंगठा वाचला. तिचे पाहून इतरही येऊ लागले आणि माझ्यावरच्या फायली कपाटात गेल्या त्या कायमच्या.

आता मी म्हातारी झाले आहे. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. कुणी घाबरले असेल तर त्याला हसू नका. ऐकीव गोष्टी सांगून त्याची भीती वाढवू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ थांबा.

आज एक बसचालक आला आहे. अपघातानंतर त्याला स्टिअरिंग धरवत नाही. तो अजून उभाच आहे, माझ्याकडे बघतो आहे. डॉक्टर घाई करत नाहीत. मीही नाही.