दोघींचं गाणं

गायिकेने पर्समधून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर पसरला आणि त्यावर लिहिलेल्या बारा अक्षर-आकड्यांखाली बोट ठेवलं.

"हा आमच्या गाण्याचा कोड. यात माझ्या बहिणीचं नाव घालायचंय."

डिजिटल गाण्यांची नोंदणी बघणाऱ्या मुलीने कागद जवळ ओढला. "कोडमध्ये नाव नसतं, मावशी. एका ध्वनिमुद्रणाला एक कोड, तो कायमचा. नावं त्याच्या नोंदीत असतात. इथे तुमचं एकटीचंच आहे."

"हो. फॉर्म मीच भरला होता."

दोघी बहिणी एकाच माइकसमोर उभ्या राहून ते गाणं गायल्या होत्या. एक ओळ हिची, एक धाकटीची. चालसुद्धा धाकटीलाच सुचलेली. गाणं लोकांपर्यंत गेलं तेव्हा आपलं नाव कुठेच नाही हे तिला दुसऱ्यांकडून कळलं. ती भांडली नाही. फक्त येणं-जाणं बंद केलं. हिला वाटलं, येईल चार दिवसांत राग गिळून. बारा वर्षं झाली.

"बदल करायला त्यांची सही लागेल. आणाल ना?"

"महिना झाला तिला जाऊन."

मुलीचा हात कीबोर्डवर थांबला. मग ती हळूच म्हणाली, "घरच्यांची चालेल. त्यांच्या नावावर आधीचं काही आहे का, तेवढं बघते."

तिने नाव घातलं आणि स्क्रीनकडे वाकली.

"आहे की. हेच गाणं, पण कोड वेगळा. म्हणजे ध्वनिमुद्रण वेगळं. कोडमधले हे वर्षाचे आकडे बघा, चार वर्षांपूर्वीचं आहे."

"परत गायली ती? कुणाबरोबर?"

मुलीने नोंद उघडली. "गायिका दोन लिहिल्यात. पहिलं नाव तुमचं आहे."

"मी नाही गायले."

मुलीने हेडफोन पुढे केला. गायिकेने तो कानांवर चढवला. सुरुवातीची सुरावट संपली आणि तिच्या ओळीच्या जागी नुसता ठेका वाजत राहिला. त्यानंतर धाकटीचा आवाज आला, थोडा थकलेला, पण सुरात पक्का. मग पुन्हा ठेका.

गायिकेने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. तिची ओळ आली, आणि गेली.