सातच्या आकड्याचा पाय

“मामा, आजही आलं,” टपालावर शिक्के मारणाऱ्या ठसेवाल्याने पाकीट टेबलावर सरकवलं आणि आपल्यावर आळ येईल म्हणून दोन पावलं मागे सरकला.

आकडेमामांनी भिंग लावलं. पिनकोडचे सहा आकडे. पहिला विभागाचा, पुढचे दोन जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. पाच बरोबर, शेवटच्या चाराच्या जागी सात. सातचा पाय शेपटीसारखा वळलेला. असा कोड जगात नव्हता, म्हणून टपाल वेगळं करणाऱ्या यंत्राने पाकीट बाहेर थुंकलं होतं. यंत्राची थुंकी पुसायला टपाल छाननीच्या हॉलमध्ये आता मामांचं एकच टेबल उरलं होतं. सलग सात दिवस चूक आली नाही की तेही उचलायचं आणि मामांनी दोन वर्षं आधीच घरी जायचं, असा हुकूम होता. हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज बरोबर एक चूक येत होती. आजची एकोणिसावी.

“हा योगायोग तुमच्या टेबलाला फारच मानवलाय,” साहेब म्हणाले.

“म्हणजे मीच लिहितो?”

“मी असं म्हटलं का? मी फक्त तुमच्याकडे बघतोय.”

मामांनी पत्त्यातलं पोस्टाचं नाव वाचलं. व्यक्तीचं नाव वाचणं हा चोंबडेपणा, तो त्यांनी तीस वर्षांत केला नव्हता. पोस्ट त्यांच्याच भागाचं होतं. तिथे बारा हजार घरं, म्हणजे बारा हजार संशयित. लाल पेन्सिलने सातचा चार करून त्यांनी पाकीट त्या पोस्टाच्या खणात टाकलं.

मग तपास सुरू झाला. फोन नंबर मागण्याच्या बहाण्याने त्यांनी सगळ्यांना सात लिहायला लावला. साहेबांचा सात ताठ निघाला, ठसेवाल्याचा कुबडा. चहावाल्याने लिहिलेला एक की सात, ते त्यालाही सांगता येईना. शेवटी मामांनी स्वतःला लिहायला लावला. निर्दोष सुटले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको नवा सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहीत होती. सत्तावीस. सातचा पाय वळलेला.

“तू?”

“काय ते आधी सांगा, मग कबूल होते.”

मामांनी सातवर बोट ठेवलं. तिने ड्रॉवर उघडला. सोळा पाकिटं, प्रत्येकावर लाल चार.

“तीन वाटेत आहेत,” ती म्हणाली.

“आत काय आहे?”

“काही नाही. टेबल गेलं की तुम्ही घरी बसून माझ्या डब्यांना नंबर देणार. त्यापेक्षा तिकिटं परवडली.”

“उद्यापासून बंद.”

“उद्याचं दुपारीच टाकलंय,” ती म्हणाली आणि उगाचच ओटा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. हाताला जाड लागलं. मामांनी इकडेतिकडे बघून पहिल्यांदाच नाव वाचलं. त्यांचंच होतं.

त्यांनी सातचा चार केला आणि चुकांच्या नोंदवहीत शून्य लिहिलं.

“पाकीट तर दिसतंय,” साहेब म्हणाले.

“ते घरचं आहे.”

साहेब आज पहिल्यांदाच दुसरीकडे बघायला लागले.

आलेलं टपाल कामावर फोडायचं नाही, असा नियम होता. मामांनी पाकीट दोनदा तळहातावर तोललं आणि खणात टाकलं. घर पायी वीस मिनिटांवर होतं. पाकीट तीन दिवसांनी पोचणार होतं.