रिद्धीचे जंतू

दुपारची जेवणं उरकली की सासूबाईंना जैन धर्माचं पुस्तक वाचून दाखवायचं, हे काम मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझं. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. आळे गावातल्या आमच्या बियाण्यांच्या दुकानात नवरा आणि दीर गिऱ्हाइकांशी घासाघीस करत असायचे आणि आम्ही दोघी आत, पंख्याखाली. तेवढा वेळ सासूबाई फक्त माझ्या असायच्या.

मग विपुलचं, म्हणजे माझ्या दिराचं लग्न झालं आणि रिद्धी आली. आळेफाट्याच्या पुढं एका कॉलेजात ती जंतूंचं शास्त्र शिकवते. मला वाटलं, पाणी दोनदा गाळून पिणाऱ्या आमच्या सासूबाईंची, झमकूबाईंची सून आणि जंतू पाळते, आता बघा गंमत. गंमत झाली, पण माझी.

एका दुपारी तिला सुट्टी होती. तिनं मोबाइलवर व्हिडिओ लावून सासूबाईंच्या डोळ्यांजवळ धरला. काचेची बारीक नळी, आत साखरेचं पाणी आणि नळीच्या तोंडाशी जंतूंची ही गर्दी.

"साखर कुठं हाय ते ह्यांना कसं कळतं गं?" सासूबाई म्हणाल्या. "एकेंद्रिय जीव. ना नाक, ना जीभ."

"साखरेचा कण त्यांच्या अंगाला लागतो, आई. पोहताना मघापेक्षा जास्त कण लागायला लागले तर ते तसेच सरळ जातात. कमी लागले की गिरकी घेऊन दुसरी वाट धरतात."

"मंजी स्पर्शच की!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "शास्त्रात तेच लिवलंय. एकेंद्रियाला स्पर्श तेवढा कळतो."

त्या दिवसापासून पुस्तक बंदच पडलं. रिद्धी कधी येते म्हणून सासूबाई ताटकळत बसायच्या. दुकानात कांद्याचं बी घ्यायला आलेल्या पावण्यालाही सांगायच्या, "आमच्या रिद्धीचे जंतू लई हुशार." मी पुस्तक घेऊन गेले की म्हणायच्या, "आज ऱ्हाऊ दे." माझा नुसता जळफळाट झाला, सरळ सांगते. मघापेक्षा आता कमी, हे कळायला मला कुठल्या कॉलेजात जायची गरज नव्हती.

आमची जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. एकदा सगळे ताटावर असताना मी पोळी वाढता वाढता अगदी साळसूदपणे विचारलं, "रिद्धी, प्रयोग झाल्यावर त्या जिवांचं काय करता गं?"

उत्तर मला ठाऊक होतं. विपुलनंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

रिद्धीचा घास हातातच थांबला. तिला खोटं बोलता आलं असतं, पण बया बोलली नाही. "मोठ्या कुकरात घालून वाफेवर मारतो," ती हळू आवाजात म्हणाली. "तसेच टाकले तर रोग पसरू शकतो."

सासूबाईंनी ताट पुढं सारलं आणि त्या उठल्या. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रात्री मी पुस्तकावरची धूळसुद्धा पुसून ठेवली.

सकाळी चहा घेऊन गेले, तर म्हणाल्या, "आज मला उपास हाय."

"आज कुठली तिथी?"

"तिथी न्हाई. रिद्धीचा आज प्रयोग हाय. ती कुकर लावंल त्या दिवशी मी खाणार न्हाई."

"पण आई, एकाचं कर्म दुसऱ्याच्या उपासानं फिटत नाही." आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"न्हाईच फिटत. पण पोरगी तिथं मान खाली घालून उभी आसंल, तवा माझ्या घशाखाली घास उतरंल का?"

कप माझ्या हातातच राहिला. ज्या वर्षी मी अठ्ठाई केली, आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले, तेव्हा सासूबाई माझ्या शेजारी बसून दोन्ही वेळा पोटभर जेवल्या होत्या. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं.